आतला पाहुणा

शिडी हवी होती, म्हणून मी वर गेले. दवाखान्यातली ट्यूब सकाळपासून फडफडत होती, आणि तसल्या उजेडात कोणाची तरी किडकी दाढ सोडून चांगली उपटली गेली असती. रविवारची दुपार होती. शिडी भावाकडे असते, आणि रविवारी भाऊ मागच्या खोलीत असतो. सारं नेहमीसारखंच होतं.

मी दातांची डॉक्टर. खाली दवाखाना, त्याच्यामागे माझं घर, वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ आणि भावजय. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मधेच माना डोलवायला लागू नका. ज्यांना भुतं दिसतात त्यांना बहुतेक वेळा दुसरं काही काम नसतं, असं माझं मत आहे.

आणि काम नसलेल्या माणसाचा नमुना बघायचा तर आमचे बंधुराज. एका विमा कचेरीत संगणक सांभाळतात. दिवसभर जिवंत संगणक सांभाळून दमलेला माणूस घरी आल्यावर काय करतो? मेलेले संगणक सांभाळतो. मागची खोली त्यांनी भरलेली. पिवळे पडलेले कीबोर्ड, पोटं सुटलेले मॉनिटर, फ्लॉपींचे डबे, एकमेकांत गुंतलेल्या वायरी. लोकांनी माळ्यावरून काढून फेकलेली वस्तू हा दोन्ही हातांनी उचलून आणतो, आणि बायकोनं रिकामा डबा ठेवला तर ‘पसारा’ म्हणतो. एक यंत्र सुरू करायला महिनाभर झटायचं, ते सुरू झालं की त्याच्याकडे पाच मिनिटं बघायचं, आणि बंद करायचं. याला छंद म्हणतात.

बरं, स्वतःपुरतं ठेवील तर तेही नाही. दुकानातून विकत घेतलेला संगणक जसाच्या तसा वापरणाऱ्या माणसांना तो ‘रेडीमेड माणसं’ म्हणतो. मीही त्यातच. लिनक्स या फुकटच्या संगणकप्रणालीचं नाव तो अशा थाटात घेतो, जणू ती त्यानंच जन्माला घातलीय. त्याच्यासारख्याच रिकामटेकड्यांचं एक मंडळ आहे, गावोगाव पसरलेलं. ते इंटरनेटवर भेटतात आणि एकमेकांच्या भंगाराचं कौतुक करतात.

तर मी खोलीत शिरले. बाहेर ऊन रणरणत होतं, पण त्या खोलीत दुपार शिरतच नसे. पडदे ओढलेले, पंखा बंद, कारण पंख्यानं धूळ उडते. तापलेली धूळ, जुनं प्लास्टिक आणि कुठेतरी जळलेल्या वायरीचा किंचित गोडसर वास. भाऊ पाठ करून बसला होता.

“शिडी दे.”

“ताई, थांब. एक गंमत दाखवतो. बस.”

“तुझ्या गमतीसाठी बसायला जागा कुठे आहे?”

त्यानं एका मॉनिटरवरचा दुसरा मॉनिटर खाली ठेवला आणि मला जागा केली. मी बसले, ती माझी चूक.

गंमत अशी होती. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी त्याला एक जुना संगणक दिला होता. त्यांचे वडील हेडमास्तर. बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होते. बोलता येत नव्हतं, सगळं अंग लुळं, फक्त उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलायचा. त्या अंगठ्याखाली एक बटण बांधलेलं असे. स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी, त्यांवरून एक उजळ पट्टी सरकत जाई. हव्या त्या अक्षरावर पट्टी आली की बटण दाबायचं. असा एकेक शब्द जुळला, की यंत्र तो मोठ्यानं बोलून दाखवी. बाईंनी संगणक देताना एकच अट घातली होती, आत जे काही आहे ते आधी पुसून टाका.

“आणि तू पुसलंस?”

“वेडी आहेस का? असला प्रोग्रॅम जगात दुसरीकडे कुठे असेल की नाही कोण जाणे. मी पूर्ण डिस्कची कॉपी घेतली, आणि मग पुसलं. म्हणजे शब्द पाळलाच की.”

शब्द पाळण्याची ही तऱ्हा आमच्या घरात फक्त त्यालाच जमते.

मूळ यंत्र तर दुसऱ्याच दिवशी धूर सोडून गेलं होतं. म्हणून त्यानं ती कॉपी आपल्या लिनक्सवाल्या संगणकात ‘व्हर्च्युअल मशीन’ करून चालवली होती. म्हणजे काय, हे त्यानं मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. एका संगणकाच्या पोटात दुसरा खोटा संगणक. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. “आणि मजा काय माहितेय? पाहुण्याला कळतच नाही की आपण खोटे आहोत. त्याला वाटतं आपल्याला खरंच पंखा आहे, खरीच डिस्क आहे. मी त्याला जे दाखवीन तेच त्याचं जग!” हे सांगताना त्याच्या तोंडावर जे समाधान होतं, ते पाहून मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

त्यानं एक कळ दाबली. स्क्रीनवरच्या एका चौकोनात हिरवट अक्षरांच्या ओळी उमटल्या. पट्टी सरकू लागली. टिक… टिक… टिक… प्रत्येक ओळीला एक बारीक आवाज. कोणीतरी नखानं पत्रा वाजवावा तसा.

“आता बघ. मी हात लावत नाहीये. बटण तर या प्रोग्रॅमला जोडलेलंच नाही.”

त्यानं दोन्ही हात वर धरले, जादूगारासारखे. पट्टी सरकत राहिली. आणि एका ओळीवर थांबली. मग त्या ओळीत एकेका अक्षरावरून पुढे, आणि पुन्हा थांबली. खूप सावकाश. मधेच अक्षर चुके, मग ते खोडलं जाई. चुकून खोडणारं यंत्र मी तोवर पाहिलं नव्हतं. शेवटी स्पीकर खरखरला आणि एक पत्र्याचा, भावनाशून्य आवाज म्हणाला,

“पाणी.”

भाऊ खूश होऊन हसला. “जुन्या मेमरीत काहीतरी अडकलंय. कुठला तरी सिग्नल त्याला बटणासारखा वाटतो. नमुनेदार बिघाड आहे!”

 खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं नाही. माझ्या खुर्चीत माणसं आ वासून, जीभ बधिर होऊन पडलेली असतात, तेव्हा त्यांना काही सांगायचं असलं की असाच एखादा तुकडा बाहेर पडतो. बिघाड असा कण्हत नाही.

“बंद कर ते.”

“थांब, अजून आहे.” त्यानं पाहुण्याच्या कॉपी काढल्या. एक, दोन, तीन… स्क्रीन चौकोनांनी भरून गेली. प्रत्येकात तीच पट्टी, पण प्रत्येकीची चाल वेगळी. टिकटिक एकमेकींत मिसळून पत्र्यावर गारा पडाव्यात तशी झाली. मग एक आवाज म्हणाला, “पाणी.” त्यावर दुसरा, “पाणी.” कोपऱ्यातला एक म्हणाला, “कूस.” थोडं थांबून पुन्हा, “कूस… बदला.” मग सगळेच. कोणी पाणी मागतंय, कोणी कूस बदलायला सांगतंय, सगळे एकाच निर्विकार आवाजात… आणि माझा भाऊ खुर्चीत मागे रेलून आरामात ऐकतोय, गाण्याला बसल्यासारखा.

मी उठले. शिडी स्वतःच ओढून काढली. स्वयंपाकघराच्या दारात भावजय उभी होती.

“वन्सं, त्या खोलीत मी झाडायलासुद्धा जात नाही हल्ली,” ती हळूच म्हणाली. “यांना सांगून बघितलं. मला म्हणतात, तू रेडीमेड आहेस.”

पुढचा रविवार येईपर्यंत मी तो विषय डोक्यातून काढून टाकला. माझ्याकडे दात होते. रविवारी दुपारी जेवण आटोपून लवंडले होते, तोच वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ भावजयीची हाक. मी धावत वर गेले.

बंधुराज खोलीच्या दारात उभे होते, भिंतीला पाठ लावून. हातात विजेच्या बोर्डातून उपटलेली वायर. चेहरा चुन्यासारखा. त्याला इतकं गप्प मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

“काय केलंस?”

त्याच्या तोंडून सगळं काढून घ्यायला वेळ लागला. जुन्या यंत्रांची घड्याळं एका ठरावीक सालानंतर गोंधळतात म्हणे. पाहुण्याचं तसं होतं का, ते बघायची या शहाण्याला हौस आली. व्हर्च्युअल मशीनमध्ये काळ पळवता येतो. इथे आपला चहा उकळेपर्यंत आत महिना उलटतो. त्यानं एका कॉपीचा काळ असा सोडून दिला आणि आठवडाभर विसरून गेला.

“म्हणजे आतल्याला…?”

“कितीतरी वर्षं गेली असणार,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “आज बघितलं, तर पट्टी थांबलेली. मला वाटलं, अडकलं. मी काळ पूर्ववत केला. मग ते बोललं.”

“पाणी?”

“नाही.” त्यानं ओठ ओले केले. “ताई… ते म्हणालं, ‘आता हलतं.’”

“काय हलतं?”

“तेच मी विचारलं. येडपटासारखं तोंडानं विचारलं. त्याला माइक नाहीये, काही नाहीये… त्याला ऐकू कसं येणार? पण ते म्हणालं, ‘सगळं.’”

स्वतःला जगाचा यजमान समजणारा माणूस एका शब्दानं भिंतीला चिकटला होता. मला त्याची कीव आली असं म्हणणार होते, पण नाही, रागच आला. एका मेलेल्या म्हाताऱ्याचं गाऱ्हाणं पेटीत कोंडून, त्याचे तुकडे करून, त्याला वर्षानुवर्षं तसंच पडून राहायला लावलं होतं यानं. मी विश्वास ठेवत नव्हते, पण चीड यायला विश्वास लागत नाही.

“सगळ्या कॉपी पुसून टाक. माझ्यासमोर.”

त्यानं पुसल्या. या वेळी खरोखरच. डिस्क काढून मी खाली नेली आणि हातोडीनं फोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या बाईंच्या दुकानात गेले. भावानं शब्द मोडला होता, निदान माफी तरी कोणीतरी मागायला हवी होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीभर चष्मे, आणि मधे त्या, साधारण माझ्याच वयाच्या, काच पुसत बसलेल्या. मी सगळं सांगितलं. तुमचे वडील पाणी मागत होते, हे सांगताना माझा आवाज जरा मऊ झाला असावा.

बाईंनी काच खाली ठेवली.

“ते बाबा नव्हेत,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, दुःखानं बोलताहेत. माणसं बोलतात असं. मी समजूत काढायच्या बेतात होते.

“बाबांना गिळता येत नव्हतं, डॉक्टर. पाणी, दूध, सगळं नळीनं. ते कधी पाणी मागायचे नाहीत. पहिली काही वर्षं ते यंत्रावर गणितं सांगायचे, आईची थट्टा करायचे. मग हळूहळू बोलणं बदललं. नुसतं हे द्या, ते द्या. कूस बदला. खिडकी बंद करा. आम्हाला वाटलं, दुखणं वाढलंय. जे मागतील ते आम्ही करायचो. आणि बाबा डोळे नुसते इकडून तिकडे फिरवायचे. सारखे. आम्हाला वाटलं, ग्लानी आहे.”

“मग?”

“ते त्यांचं ‘नाही’ होतं. आजारपणाच्या सुरुवातीला, यंत्र यायच्या आधी, आम्हीच ठरवलेलं. इकडून तिकडे म्हणजे नाही. यंत्र बोलायला लागल्यावर डोळ्यांकडे कोण बघतं?” त्यांनी पुन्हा काच उचलली आणि पुसलेलीच पुन्हा पुसू लागल्या. “एकदा ते यंत्र पाणी मागायला लागलं. थांबेचना. बाप पाणी-पाणी करतोय, ते तुम्ही किती ऐकाल? शेवटी आईनं चमच्यानं पाजलं.”

त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही. मला सांगायची गरजही नव्हती. गिळता न येणाऱ्याच्या घशात पाणी गेल्यावर काय होतं, ते मला ठाऊक आहे.

“त्यांना उचलल्यावर पलंग सरकवला,” बाई म्हणाल्या, “तेव्हा बटणाची वायर खाली पडलेली दिसली. यंत्रातून निघालेली. तिच्यावर धूळ होती, चांगली जाड. आणि आम्ही बघत असतानाच ते बोललं…”

“काय?”

“‘दुसरं कोणी?’”

रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. मी विचारलं, “मग त्याच दिवशी फोडून का नाही टाकलंत?” आवाजात धार होती, मला आता राग कुठे काढावा ते कळत नव्हतं.

“आईला वाटायचं, त्यात बाबाच आहेत. तिनं हात लावू दिला नाही. ती गेल्यावर, पुसायला म्हणूनसुद्धा ते पुन्हा सुरू करायची माझी छाती झाली नाही. तुमचे भाऊ म्हणाले, पुसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.”

परत येताना मी स्वतःला बजावत होते की ही एका शोकानं खचलेल्या घराची कहाणी आहे. अपराधाची टोचणी लागली की माणसं दोष यंत्रावर ढकलतात. असं सगळं मी मुद्देसूद जुळवलं आणि मग वर जाऊन भावाला गाठलं; कालच्या धसक्यानं त्यानं कचेरीला दांडी मारली होती.

“सगळ्या कॉपी पुसल्यास ना? एकही नाही ना कुठे?”

तो एक वायर गुंडाळायला लागला.

“बोल!”

“मंडळात दिली होती,” तो पुटपुटला. “पहिल्याच आठवड्यात. सगळ्यांनी उतरवून घेतली. ताई, इतकी दुर्मिळ गोष्ट… सगळ्यांना किती आनंद झाला होता.”

त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यानं माझ्यासमोर बसून एकेकाला फोन लावले. एकानं टिंगल केली. एकानं ती कॉपी उघडलीच नव्हती. एकाच्या बायकोनं आधीच सगळं भंगारात दिलं होतं. त्या बाईला मी मनोमन हात जोडले. शेवटी एकच उरला, ज्याला मंडळात सगळे ‘फ्लॉपी’ म्हणतात. बँकेत रोखपाल. आमच्याकडे एकदा येऊन गेला होता, घाबरट, गरीब स्वभावाचा, दर वाक्याला ‘माफ करा हं’ म्हणणारा.

“तो उचलत नाहीये,” भाऊ म्हणाला. “त्याचा निरोप आलाय मात्र. परवाच.”

“काय म्हणतो?”

“आभार मानलेत. त्याच्या आईला झटका आला होता, वाचा गेली, हातपाय गेले. त्यानं तो प्रोग्रॅम आईच्या उशाशी लावला. म्हणतो, एवढ्या दिवसांनी आई बोलली.”

 मग मी फोन त्याच्या हातातून घेतला आणि लावत राहिले, लावत राहिले. दुपार कलली तेव्हा कुठे त्यानं उचलला.

“माफ करा हं, ताई! गडबडीत होतो. तुमच्या भावाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.”

“ऐका. आईंना पाणी देऊ नका. काही मागितलं तरी देऊ नका. तो संगणक आत्ताच्या आत्ता बंद करा. त्यांच्या डोळ्यांकडे बघा, डोळ्यांकडे…”

“पाणी?” तो हसला. इतका सुखी माणूस मी फोनवर कधी ऐकला नव्हता. “नाही हो. तिनं पाणी मागितलंच नाही. ती म्हणाली, ‘मला उभं करा.’ मी म्हटलं, आई, कसं शक्य आहे? पण तिचा हट्ट. शेजाऱ्यांना बोलावलं, दोन्हीकडून धरलं… आणि ताई, ती उभी राहिली! डॉक्टरांचा विश्वास बसत नाहीये.”

“उभी राहिली…”

“काल संध्याकाळपासून उभीच आहे. बस म्हटलं तरी बसत नाही. खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघते.”

माझ्या शेजारी भाऊ कान लावून उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

“तुम्ही आधी तो संगणक बंद करा,” मी म्हणाले. “बाकीचं नंतर बोलू.”

“अहो, तो तर काल रात्रीच बंद केला. माळ्यावर टाकला. आता काय करायचाय?” फ्लॉपी म्हणाला. “आता आई स्वतःच बोलते. आवाज जरा पत्र्यासारखा येतो, एवढंच. थांबा हं… ती काहीतरी विचारतेय.”